‘दोष’ या शब्दाचें वावडें

न्यायशास्त्र शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास एक गोष्ट लवकरच शिकवितात. एखादी वस्तु दिसली नाहीं, एवढ्यावरून ती नाहींच असें ठरत नाहीं. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, म्हणून घटाचा अभाव सिद्ध झाला असें कोणी म्हणत नाहीं. ज्या ठिकाणीं व ज्या स्थितींत तो असता तर दिसलाच असता, तेथें तो न दिसला, तरच ‘घट नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार येतो. ह्यास ‘योग्यानुपलब्धि’ असें नांव आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यावर ह्या शब्दाची मला पुनः गरज लागेल, आणि तीहि मोटारी विकणाऱ्या एका पेढीच्या थंडगार दालनांत, अशी कल्पना मला कधीं शिवली नव्हती.

आमचें बिऱ्हाड वाईस आहे. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. दोन वर्षांपूर्वीं चिरंजीव आणि पुतण्या ह्या दोघांनीं मिळून एक नवी मोटार घेतली. कंपनीचें व पेढीचें नांव येथें घालीत नाहीं. सांगावयाची गोष्ट त्या नांवांवांचून अडत नाहीं. धाकटी सूनबाई पांचगणीस एका शाळेंत दुपारच्या सत्रांत शिकविते. पसरणीचा घाट रोज साडेअकराच्या सुमारास चढावयाचा आणि सायंकाळीं उतरावयाचा, हा तिचा नेम. माझी नातहि त्याच शाळेंत. ती मागील बैठकीवर.

गेल्या वर्षीं एप्रिल महिन्यांत, घाटांतील एका वळणावर, भर चढावर इंजिन एकाएकीं बंद पडलें. ज्यांनीं मोटार कधीं चालविली नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों, इंजिन बंद पडणें म्हणजे नुसतें थांबणें नव्हे. स्टिअरिंग एकदम जड होतें. ब्रेक थोड्या जोरानें लागावा म्हणून इंजिनावर चालणारी एक योजना असते. इंजिन थांबल्यावर तिच्यांत दोनतीन वेळां दाबण्यापुरतें बळ उरतें, पुढें तें पेडल दगडासारखें घट्ट होतें. म्हणून अशा वेळीं ब्रेक एकदांच पुरता दाबून तसाच धरून ठेवावा, पुनः पुनः सोडूं नये. आणि गाडी स्थिर होईपर्यंत किल्ली काढूं नये, कारण किल्ली काढल्यावर स्टिअरिंग जखडून बसतें. सूनबाईनें हें सर्व बिनचूक केलें व हातब्रेक ओढला. मागून एस.टी. येत होती. चालकानें प्रसंगावधान राखून ती थांबविली, आणि वाहकानें खालीं उतरून मोटारीच्या मागच्या चाकांना दगड लावले. वीस मिनिटांनीं इंजिन जणुं कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें सुरू झालें.

घरीं आल्यावर वहिनींनीं दोघींची आणि मोटारीचीहि मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढली. त्यांत कांहीं बिघडलें नाहीं. परंतु आठ दिवसांनीं गाडी पुनः तशीच थांबली.

पेढीवर पहिल्या खेपेस चिरंजीव गेला. गाडी दिवसभर ठेवून घेतली, धुऊन पुसून परत दिली, आणि ‘कांहीं नाहीं, चालेल’ असें सांगितलें. दुसऱ्या खेपेस मी व सूनबाई गेलों. तेथें ग्राहकांशीं बोलावयास एक तरुण नेमलेला असतो. मुलगा अदबशीर होता, त्याच्याविषयीं माझी तक्रार नाहीं.

तो म्हणाला, “सर, मशीन लावून सगळं तपासलं. एकही कोड आला नाहीं. गाडींत दोष नाहीं.”

“मग ती बंद कां पडते?”

त्यानें सूनबाईकडे एकवार पाहिलें आणि उत्तर मला दिलें. “घाटांत क्लच-गिअरचा अंदाज नसला कीं होतं असं. मॅडमना जरा सराव झाला कीं...”

सूनबाई त्याच घाटांत नऊ वर्षें मोटार चालवीत आहे. तिनें मला विचारलें, “मामंजी, मी बोलूं?” आणि त्या मुलास शांतपणें म्हणाली, “तुम्हीं गाडी कुठं चालवून पाहिलीत?”

“हायवेवर, मॅडम. दोन किलोमीटर.”

“किती वाजतां?”

“सकाळीं साडेनऊला.”

“टाकींत पेट्रोल किती होतं?”

हें त्यास ठाऊक नव्हतें.

तिच्या प्रश्नांना आधार होता. पहिल्या प्रसंगापासून तिनें पिशवींत एक लहान वही ठेविली होती. तारीख, वेळ, ठिकाण, ऊन, टाकींतील पेट्रोलाचा कांटा, गाडी किती वेळानें पुनः सुरू झाली, इतकें सर्व तींत लिहिलेलें. मीं त्या वहीवर एक सायंकाळ घालविली. जूनच्या आरंभापर्यंत असे पांच प्रसंग झाले होते. पांचहि वेळां कडक ऊन, पांचहि वेळां चढ, आणि पांचहि वेळां टाकी पावाहून कमी. उलट बाजूनें पाहतां, तसेंच ऊन व तोच चढ असून टाकी भरलेली असतां गाडी एकदांहि थांबली नव्हती. टाकी रिकामीशी असून सकाळचा गारवा असतांहि थांबली नव्हती. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले होते. माझ्या हाताखालून गेलेल्या किती विद्यार्थ्यांनीं परीक्षेपुरते हे शब्द पाठ केले असतील! सूनबाई तर विज्ञान शिकविते. तिनें हे शब्द न उच्चारतां काम केलें.

आमच्या आळींतील एका जुन्या मिस्त्रीनें ती वही पाहून कारणहि तर्किलें. पेट्रोल खेंचणारा पंप टाकीच्या आंतच बसविलेला असतो, आणि भोंवतालच्या पेट्रोलानेंच तो थंड राहतो. पेट्रोल कमी, वर ऊन, आणि चढावर इंजिनाची मागणी अधिक, असा योग आला कीं अशक्त पंप तापून अडकतो. निवाला म्हणजे पुनः फिरूं लागतो. थंड गाडी सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून हा दोष कसा दिसावा? ही अंधाऱ्या खोलींतील घटाची गोष्ट झाली. त्या मुलास मीं योग्यानुपलब्धि समजावून दिली, आणि त्यानें ती ऐकूनहि घेतली. मात्र त्यानें विहित पत्रकावर, ज्यास तेथें ‘जॉबकार्ड’ म्हणतात, ‘जनरल चेकअप’ एवढेंच लिहिलें होतें. ‘चढावर चालतां चालतां इंजिन आपोआप बंद पडतें’ असें लिहा, म्हणून मीं आग्रह धरला. त्यानें लिहिलें, ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार गाडी कधीं कधीं बंद.’ मीं म्हटलें, “बरें, मग गाडी घाटांत चालविण्यास सुरक्षित आहे, एवढें लिहून सही द्या.” तो आंत जाऊन वरिष्ठांना घेऊन आला. वरिष्ठ फार गोड बोलले. ‘बिनधास्त चालवा’ हे शब्द त्यांनीं अर्ध्या तासांत चार वेळां उच्चारले. लेखणी एकदांहि उचलली नाहीं.

घरांत मतें दोन पडलीं. धाकट्या बंधूंचें म्हणणें, पदरचे पैसे देऊन मिस्त्रीकडून पंप बदलून मोकळें व्हावें. भांडणांत वय घालवूं नये. व्यवहाराच्या दृष्टीनें तें चुकीचें होतें असें नाहीं. परंतु पुतण्यानें त्याच सुमारास अमेरिकेंतील एका प्रकरणाची हकीकत मला वाचावयास दिली, आणि माझें मन फिरावयाचें तें अधिकच घट्ट झालें.

जनरल मोटर्स ह्या विख्यात कंपनीच्या कांहीं गाड्यांत किल्लीचा खटका ढिला होता. जड जुडग्यानें वा एखाद्या धक्क्यानें किल्ली आपोआप मागें सरके, इंजिन बंद पडे, स्टिअरिंग व ब्रेक जड होत, आणि टक्कर झाली तर जीव वांचविणाऱ्या हवेच्या पिशव्याहि उघडत नसत. कंपनींतील मंडळींना ह्या खटक्याच्या तक्रारी दहा वर्षें ठाऊक होत्या. परंतु चालती गाडी बंद पडणें हा प्रकार त्यांनीं ‘ग्राहकाची गैरसोय’ ह्या सदराखालीं घातला होता, सुरक्षिततेच्या सदरांत नव्हे. मध्यंतरीं खटक्याची रचना गुपचूप सुधारली, पण त्या भागाचा क्रमांक तोच ठेविला. त्यामुळें तपास करणारे चकले. गाड्या परत मागविण्यास आरंभ झाला तो 2014 च्या फेब्रुवारींत, आणि त्यांची संख्या जगभर मिळून सुमारें 26 लाख होती. नुकसानभरपाईसाठीं नेमलेल्या निधीनें पुढें 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. 2015 सालीं कंपनीनें 90 कोटी डॉलर सरकारास भरले.

मला शिक्षकाच्या दृष्टीनें अधिक विलक्षण वाटलें तें निराळेंच. त्या कंपनीनें 2008 सालीं आपल्या नोकरांना लेखनाचा एक पाठ दिला होता. कागदोपत्रीं टाळावयाच्या 69 शब्दांची यादी त्यांत होती. ‘दोष’ हा शब्द तींत होता. त्याऐवजीं ‘रचनेनुसार कार्य करीत नाहीं’ असें लिहावें, ‘समस्या’ न म्हणतां ‘बाब’ म्हणावें, अशी शिकवण! आणि 2014 सालच्या चौकशीच्या अहवालांत तेथील दोन रीती नोंदविल्या आहेत. सभेंत सर्वांनीं उपाय मान्य म्हणून माना डोलवाव्यात आणि बाहेर पडल्यावर कोणीच कांहीं करूं नये, ही एक. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घेऊन बोटें दुसऱ्यांकडे दाखवावींत, ही दुसरी. वाचतां वाचतां मला ‘बिनधास्त चालवा’ म्हणणारे ते गोड गृहस्थ दिसूं लागले. आमच्या पेढीच्या त्या मुलास कोणी अशी यादी दिली असेल असें मी म्हणत नाहीं. यादी न देतांहि माणसें ती शिकतात.

म्हणून बंधूंची क्षमा मागून मीं पत्र लिहिलें. पेढीस एक, मोटार बनविणाऱ्या कंपनीस एक, दोन्ही रजिस्टर पोस्टानें. सोबत वहीच्या पानांच्या प्रती. पत्रांत विशेषणें घातलीं नाहींत. पांच तारखा, पांच ठिकाणें, पेट्रोलाचा कांटा, आणि दोन मागण्या: ह्याच स्थितींत, म्हणजे दुपारच्या उन्हांत, टाकी पावाखालीं असतां, घाटाच्या चढावर आमच्या समक्ष गाडी तपासावी, अन्यथा ती सुरक्षित असल्याचें लिहून द्यावें. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सदोष वस्तूमुळें होणाऱ्या हानीची जबाबदारी बनविणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा ह्या तिघांवरहि येऊं शकते, आणि ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्यांतच तक्रार करतां येते, एवढें एक वाक्य शेवटीं जोडलें. त्याच वेळीं सूनबाईनें 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक साह्याच्या क्रमांकावर तक्रार नोंदविली.

बाराव्या दिवशीं कंपनीचा एक अभियंता आला. गृहस्थ कामाचा होता. त्यानें पेट्रोलाचा दाब मोजण्याचें यंत्र बसविलें आणि सूनबाईलाच गाडी हांकावयास सांगितली. मी मागें बसलों. घाटाचा निम्मा चढ होतांच यंत्राचा कांटा उतरूं लागला, आणि पुढल्या वळणापूर्वीं इंजिन बंद पडलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग खालीं उतरून त्यानें स्वतःच चाकांना दगड लावले.

पंप बिनखर्च बदलून मिळाला. पत्रकावर मजकूर असा: ‘ग्राहकाच्या समाधानार्थ भाग बदलला.’ जुना पंप मीं मागितला. तो कंपनीकडे परत जातो असें उत्तर आलें. ‘दोष’ हा शब्द कोठेंहि नाहीं. त्याच महिन्यांत बनलेल्या इतर गाड्यांत तोच पंप असेल काय, असें मीं त्या अभियंत्यास विचारलें. “तें माझ्या हातांत नाहीं, सर,” असें तो म्हणाला, आणि तें खरेंच असावें.

मोटार वाहन कायद्यांत 2019 सालीं झालेल्या दुरुस्तीनें सदोष गाड्या परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनास आला आहे. पुरेशा लोकांनीं तोच दोष कळविणें ही त्या अधिकारास चालना मिळण्याची एक वाट आहे. ज्यानें त्यानें आपला पंप गुपचूप बदलून घेतला, तर ती संख्या भरावयाची कशी? हें बंधूंनाहि पटलें. सूनबाईनें शासनाकडे रीतसर तक्रार केली; विषयाच्या ओळींत ‘इंधनपंपांतील दोष’ असे शब्द तिनें स्वतः घातले. तिला एक क्रमांक मिळाला आहे, उत्तर अद्याप आलेलें नाहीं. गाडी आतां ठीक चालते. तरी टाकीचा कांटा निम्म्याखालीं उतरला कीं मागील बैठकीवरून नात आईला आठवण करून देते.