मालवणच्या खडकांवरील समुद्र

कुपवाड, सांगली, मिरज या पट्ट्यातील आपल्या व्यापारी कुटुंबांची आणि समुद्राची गाठ वर्षातून दोनदाच पडते; एकदा दिवाळीचे लक्ष्मीपूजन आटोपल्यावर आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस. दुसऱ्या भेटीचे कारण बाजारपेठेत आहे. हळदीचे सौदे जोरात असताना पेढी सोडता येत नाही, मार्चअखेरचे हिशेब असतात, मागोमाग लग्नसराई येते. आणि मुलांची शाळा उघडण्यापूर्वीचे चार मोकळे दिवस हाती लागतात ते नेमके मेच्या शेवटच्या आठवड्यात. मालवणचा समुद्र स्वभाव बदलतो तोही त्याच आठवड्यात. किनाऱ्यावरील पर्यटक होड्यांसाठी २६ मे ते ३१ ऑगस्ट हा बंदीचा काळ ठरलेला आहे. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे बंदी लागू होण्यास दोन दिवस उरले असताना, तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचे प्राण गेले.

समुद्र तारखेवर चालत नाही, हे त्या दिवसाने दाखवून दिले. तो कशावर चालतो हे समजून घ्यायचे असेल तर मालवणसारखी जागा शोधून सापडणार नाही, कारण येथे पाण्याखालचे खडक ते उघड करून सांगतात.

आपल्याकडून जाणारी वाट कोल्हापूरवरून गगनबावड्याला जाते. तेथून करूळ घाटाने उतरले की वैभववाडी लागते, तर भुईबावडा घाटाची वाट खारेपाटणकडे नेते. शक्य असेल तर ही दुसरी वाट धरावी. खारेपाटणला पार्श्वनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे. तेथील काळ्या पाषाणाची मूर्ती नदीच्या पात्रात सापडलेली आहे. दक्षिण कोकणात जैन मंदिरे विरळाच, त्यामुळे घाट उतरल्यावर अचानक लाभणारे हे दर्शन मनाला फार निवविणारे वाटते. शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. १००८ चा ताम्रपट याच गावी मिळाला. गावाजवळून वाहणारे पाणी पुढे वाघोटनची खाडी होऊन विजयदुर्गापाशी समुद्राला मिळते. एके काळी या खाडीतून गलबते खारेपाटणपर्यंत येत आणि देशावरचा माल येथून समुद्रावर जाई. पुढे गाळ साचत गेला, मोठी गलबते येईनाशी झाली आणि पेठ ओसरली. आपल्या पूर्वजांपैकी कोणी या धक्क्यावर माल उतरवून घेत भरतीची वाट पाहिली असेल, असे मनात आल्यावाचून राहत नाही. त्या काळी भरतीचे गणित व्यापाऱ्याला मुखोद्गत असणे भाग होते.

खारेपाटणहून कणकवलीमार्गे मालवणला यावे. गावासमोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला उभा दिसतो. कुरटे बेटावरील या किल्ल्याची पायाभरणी शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये केली. जागेची निवड तटाच्या उंचीपेक्षा भोवतालच्या खडकांमुळे महत्त्वाची आहे. बेट आणि किनारा यांच्यामध्ये आणि बेटाच्या बाहेरच्या बाजूस काळे खडक पसरलेले आहेत. काही नेहमी पाण्यावर दिसतात, काही केवळ ओहोटीला डोके वर काढतात आणि काही कधीच दिसत नाहीत. परक्या आरमाराला हे शेवटचे खडक घातक होते. आजही धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणारी होडी सरळ रेषेत जात नाही. नावाडी खडकांमधील वाट धरून वळणे घेत नेतो.

न दिसणारा खडक ओळखावा कसा? त्यावर लाट फुटते म्हणून. लाट खोल पाण्यातून येते तोवर पाणी केवळ वरखाली होत असते. खोली कमी होत गेली की लाटेचा तळ रेंगाळतो, माथा पुढे धावतो आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट कोसळते. म्हणजे एक मीटरची लाट सव्वा मीटर पाण्यात फुटते, तर दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यातच फुटून मोकळी होते. शांत दिवशी ज्या खडकावरून होडी निर्धास्त जाते, त्याच खडकावर मोठ्या लाटांच्या दिवशी पांढरा फेस उसळतो तो यामुळे. याच्या उलट उदाहरण आंग्रिया बँकेचे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळालेले हे प्रवाळांचे बुडालेले पठार आहे. पण त्याच्या माथ्यावरही वीसेक मीटर पाणी असल्याने तेथे लाट फुटत नाही आणि वरून जाणाऱ्याला खाली काही असल्याची चाहूलही लागत नाही.

वाळूच्या किनाऱ्यावर वाळूचे बांध दर हंगामात सरकतात, तशी लाट फुटण्याची जागाही सरकते. खडक मात्र जागचा हलत नाही. त्यावरची लाट वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी, त्याच वळणाने फुटते. फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणारे सर्फिंगचे खेळाडू जगभर अशा खडकांच्या व प्रवाळांच्या जागा शोधत हिंडतात, त्यामागचे कारण हेच. मूडबिद्री-कारकळच्या यात्रेला गेलेल्या वाचकांनी वाटेत किनाऱ्यावरील मुळकी गाव पाहिले असेल. भारतातील सर्फिंगची सुरुवात ज्या थोड्या ठिकाणी झाली त्यांत मुळकीचे नाव अग्रभागी आहे, आणि तेथे हा खेळ शिकविणारा पहिला आश्रम शाकाहारी आहे, हे ऐकून आपल्या घरातील तरुणांना बरे वाटेल. मालवणचे खडक मात्र या खेळाचे नव्हेत. धार फार, वाट अरुंद आणि खाली जिवंत प्रवाळ. येथे लाट किनाऱ्यावरून पाहावी.

लाट फुटण्यात पहिला वाटा भरतीचा. या बाबतीत आपल्या घरांची तयारी इतरांपेक्षा अधिक आहे, असे मला वाटते. अष्टमी आणि चतुर्दशी आपण पाळतो. समुद्रही या तिथींना मानतो. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते. मालवणला भरती-ओहोटीतील फरक तेव्हा सुमारे दोन मीटरपर्यंत जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, फरक पुष्कळ कमी होतो. कोकणात वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी; तितक्या वाजता भरती पूर्ण होते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा, पण फसवणूक सहसा होत नाही. ‘तिलोयपण्णत्ती’सारख्या ग्रंथांत लवणसमुद्राच्या तळाशी असलेल्या पाताळांतील वायूमुळे पाणी शुक्लपक्षात चढत जाते व पौर्णिमेला सर्वाधिक होते, असे वर्णन आहे. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाची आजची उपपत्ती वेगळी आहे आणि अमावास्येलाही उधाण येते, हे कोणताही मच्छीमार सांगेल. तरीही समुद्राचे फुगणे तिथीशी बांधले आहे हे निरीक्षण ग्रंथकारांनी नोंदवून ठेवले, याचे कौतुक वाटते.

दुसरा वाटा वाऱ्याचा. हिवाळ्यात पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो लाटेचा माथा धरून ठेवतो, पाणी आरशासारखे दिसते आणि खडकावरची लाट स्वच्छ, एकसंध फुटते. दुपारच्या सुमारास जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तासाभरात पाणी खवळल्यासारखे होते. किल्ल्याला सकाळी गेलेले प्रवासी सुखाने परततात आणि दुपारी चारच्या होडीत बसलेले भिजून येतात, याचे इतकेच रहस्य आहे.

तिसरा वाटा दूरच्या लाटेचा, आणि फसगत होते ती येथे. किनाऱ्यावर वारा नाही, आकाश निरभ्र आहे, तरी खडकांवर मोठ्या लाटा फुटत आहेत, असे दृश्य एप्रिल-मे महिन्यांत दिसते. या लाटा येथे जन्मलेल्या नसतात. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या दक्षिण महासागरात वादळ झाले की तेथून निघालेल्या लांब लाटा हिंदी महासागर ओलांडून आठवडाभराने आपल्या किनाऱ्याला लागतात. केरळात अशा समुद्राला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. चोरपावलांनी येणारा समुद्र. हिवाळ्यात याचे सौम्य रूप वायव्येकडून येते. अरबस्तान आणि इराणच्या आखातावर ‘शमाल’ वारे वाहिले की एक-दोन दिवसांनी त्यांच्या लाटा कोकणात पोहोचतात.

हे सारे आता आधी कळू शकते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला ‘इन्कॉइस’ म्हणतात, लाटांचे अंदाज रोज प्रसिद्ध करते. वारा व वादळाचा इशारा हवामान विभाग देतो आणि त्यानुसार बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. लाटांच्या पत्रकात तीन आकडे पाहावेत : उंची, दोन लाटांमधील सेकंद आणि दिशा. दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणून एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. सरासरी भावावर माल उचलणाऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. सेकंदांकडे लोकांचे लक्ष जात नाही. दीड मीटर उंची आणि सहा सेकंद असा आकडा असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठलेली आखूड लाट होय. तीच दीड मीटर उंची आणि पंधरा सेकंद दिसले तर लाट दुरून आली आहे. तिच्यात जोर पुष्कळ अधिक असतो आणि उथळ खडकावर ती आणखी उंच होऊन कोसळते. अशा लाटा समूहाने येतात. दहा-पंधरा मिनिटे सारे शांत असते, लोक छायाचित्रासाठी ओल्या खडकावर उतरतात आणि मग ओळीने चार-पाच मोठ्या लाटा येतात. मालवणच्या रॉक गार्डनवर उभे राहताना एक खूण लक्षात ठेवावी. जेथवर खडक ओला दिसतो तेथवर पाणी नुकतेच येऊन गेलेले आहे. मुलांना त्याच्या बरेच मागे ठेवावे.

वर्षाचा अंदाज मांडायचा तर चातुर्मासाची चौकट सोयीची पडते. जून व जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. पावसाळी वाऱ्यात खोल समुद्रावर तीन-चार मीटरच्या लाटा उठतात आणि मालवणसमोरचा एकही खडक फेसावाचून दिसत नाही. मुनिसंघ एका जागी स्थिर असतात त्या काळात दर्यावर्दीही घरी असतो. दशलक्षण पर्व आटोपेपर्यंत बंदी उठलेली असते, परंतु समुद्र उतरलेला असतोच असे नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून तो निवळू लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. बहुतेक दिवशी लाट मीटरभराच्या आतच असते. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो. मे महिन्याचा पहिला पंधरवडा पत्रक पाहून, आणि शेवटचा पंधरवडा केवळ किनाऱ्यावरून.

दिवाळीलाही एक अपवाद ध्यानात ठेवावा. अरबी समुद्रातील वादळांचे दोन हंगाम असतात, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा. २०१९ साली ऐन दिवाळीत ‘क्यार’ चक्रीवादळ कोकणासमोरून गेले. ते किनाऱ्यावर चढले नाही, तरी सिंधुदुर्गात समुद्राचे पाणी नेहमीची मर्यादा सोडून आत आले. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ किनाऱ्याला अधिक लगटून गेले. अशा वेळी आगाऊ भरलेल्या खोलीच्या भाड्याचा विचार मनात आणू नये. तो तोटा परवडणारा आहे.

रॉक गार्डनच्या खळग्यांत ओहोटीला प्रवाळ दिसतात. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आपल्या आगमांत प्रवाळाची गणना पृथ्वीकायात केली आहे. प्राणिशास्त्रज्ञ त्याला सूक्ष्म जीवांची वसाहत मानतात. वर्गीकरण कोणतेही स्वीकारा, पाय ठेवू नये हा निष्कर्ष दोन्हींकडून एकच निघतो. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात ब्रेड टाकण्याची पद्धत पर्यटनात रूढ झाली आहे; तिच्यात दया थोडी आणि करमणूक अधिक आहे, असे माझे मत आहे.

दिवाळीच्या बेताला हे सारे कसे लागू पडते ते पाहा. भाऊबीज द्वितीयेला येते. भरती दीडच्या सुमारास, ओहोटी सकाळी सव्वासातला. त्यामुळे आठ ते अकरा या वेळेत पाणी चढते असते आणि मतलई वाराही असतो. किल्ल्यासाठी हाच प्रहर घ्यावा. पंचमीला ओहोटी साडेनऊच्या आसपास, तेव्हा रॉक गार्डनचे खळगे उघडे पडतात. सूर्यास्त सहाच्या सुमारास होत असल्याने जेवण साडेपाचलाच उरकावे लागते, आणि मासळीचा वास नसलेली खाणावळ आधी विचारून ठेवावी. फराळाचे डबे सोबत असलेले बरे. षष्ठीला सकाळी निघून खारेपाटणला दर्शन घेतले की कार्तिक अष्टमीला अष्टान्हिक पर्वाची पूजा सुरू होण्यापूर्वी एक पूर्ण दिवस पेढीसाठी उरतो.