एक कॅमेरा, दोघे

घरात सायकल एक आणि चालवणारे दोघे असले, की सीट रोज वर-खाली होते. पण ते चढण्यापूर्वीच डोळ्यांना दिसते. कॅमेऱ्याचे तसे नसते. आधीच्या माणसाने काय बदलून ठेवले आहे, ते बाहेरून कळत नाही.

आमच्याकडे निकॉनचा डी-७००० कॅमेरा होता. हे मॉडेल २०१० साली बाजारात आले. भाईजाननी तो बर्डीवरच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून जुना घेतला होता आणि लग्नांचे फोटो काढून ते त्याचे पैसे फेडत होते. मला कॅमेरा मिळे तो संध्याकाळी, आणि तोही पुष्कळ विनवण्या केल्यावर.

एका शनिवारी मी तो घेऊन फुटाळा तलावावर गेले. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चकती असते. तिच्यावर पी, एस, ए, एम अशी अक्षरे असतात. चकती 'ए'वर असली, की भिंगाचे छिद्र किती उघडायचे ते आपण ठरवतो आणि उजेड किती वेळ आत घ्यायचा ते कॅमेरा ठरवतो. 'एस'वर याच्या उलट. 'एम'वर दोन्ही कामे आपलीच. भाईजान 'ए'वर काम करीत, म्हणून मीही चकतीला हात लावला नाही. मात्र मावळतीचे रंग गडद यावेत यासाठी अधिक-उण्याचे बटण दाबून मी उजेड दोन पायऱ्या खाली आणला. एका पायरीला उजेड निम्मा होतो. म्हणजे दोन पायऱ्यांना तो पाव उरला. तलावाचे पाणी फोटोत तांब्यासारखे आले. मी खूश होऊन घरी आले, कॅमेरा बंद केला आणि पिशवीत ठेवला. मला वाटले, बंद केला की सगळे पूर्ववत होईल. पण 'ए'वर तसे होत नाही. आपण काढेपर्यंत तो फरक तसाच राहतो.

दुसऱ्या दिवशी कामठी रोडवरच्या एका लॉनवर निकाह होता. दुपारचे लख्ख ऊन. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही नीट दिसेना. समोर सगळे पांढऱ्या कपड्यांत. पांढरे जास्त दिसले, की कॅमेरा फसतो आणि फोटो आपणहून काळपट काढतो. त्यात माझ्या दोन पायऱ्या! भाईजानना शंका आली तोवर निकाह पार पडला होता, आणि नवरीच्या म्हाताऱ्या नानांनी नातजावयाला मिठी मारून झाली होती.

रात्री भाईजान संगणकावर तो फोटो उजळ करीत बसले. नानांचा चेहरा दिसू लागला, पण त्यावर वाळू सांडल्यासारखे ठिपके उमटले.

"तू काल काही फिरवलं होतंस का?"

"हो," मी म्हणाले. "परत करायचं राहिलं."

ते रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "मीही पाहायला हवं होतं. एक बारीक खूण दिसत असते."

मग त्यांनी मला चकतीवरच्या 'यू १' आणि 'यू २' या जागा दाखवल्या. तिथे आपल्या पसंतीची मांडणी साठवून ठेवता येते. मधे काही फिरवले, तरी कॅमेरा बंद करून सुरू केला, की साठवलेली मांडणी परत येते. 'यू १' त्यांनी स्वतःला ठेवले आणि 'यू २' मला दिले. घरात मला स्वतःचे कपाटसुद्धा नव्हते!

पण भिंगावर एक छोटी खिटी असते. ती चकतीच्या ताब्यात नसते. त्या वर्षी ईदचा चंद्र टिपण्यासाठी भाईजाननी ती सरकवली, भिंग हाताने फिरवून जुळवले आणि खिटी तशीच ठेवली. ईदच्या सकाळी मी काढलेले अम्मीचे सगळे फोटो धूसर आले.

मी कॅमेरा नेऊन मुकाट्याने त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी खिटी पाहिली, आणि आपली शीरखुर्म्याची वाटी माझ्याकडे सरकवली.