‘नको वाटतं’ हेही सांगा

दुखणं जुनं झालं की घरातली माणसं त्याची विचारपूस करायचं सोडून देतात. त्यात दुष्टपणा नसतो. रोज तेच विचारायचं आणि रोज तेच उत्तर ऐकायचं, याचा शीण दोन्हीकडे साठत जातो. मग दुखणारं माणूसही बोलायचं थांबतं. कुणी ‘कशी आहेस?’ म्हणालं की ‘बरी आहे’ म्हणून मोकळं होतं. कंबर, मान, संधिवाताने सुजलेली बोटं, नागीण बरी झाल्यावरही बरगडीत राहिलेली आग, सगळं त्या ‘बरी आहे’च्या आड जातं. त्याच्याही आड आणखी एक वाक्य असतं. ते सहसा कुणालाच सांगितलं जात नाही. ‘आता नको वाटतं.’

मी मूळची भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेपुरती वेदना थांबवता थांबवता न थांबणाऱ्या वेदनेकडे वळले आणि आता पेन क्लिनिक चालवते. या लेखात मला त्या न सांगितलेल्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. वर्षानुवर्षं दुखत असताना जीव नकोसा होणं म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. श्रद्धा कमी पडली, घरच्यांच्या कष्टांची जाण राहिली नाही, असंही त्यातून सिद्ध होत नाही. ते त्या आजाराचं एक लक्षण आहे. ताप, सूज, बधिरपणा जसा डॉक्टरांना सांगतो तसं तेही सांगायचं असतं, कारण त्यावर उपचार करता येतात.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या वेदनेला आम्ही जुनाट वेदना म्हणतो. चटका बसला, हाड मोडलं, तर होणारी वेदना आपलं रक्षण करते. मात्र इजा भरून आल्यावरही मज्जारज्जू आणि मेंदूतल्या पेशी उत्तेजित राहू शकतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मज्जारज्जूतला हा बदल दाखवून दिला. एखादी चोरघंटा इतकी हळवी व्हावी की दारावरून मांजर गेलं तरी वाजावी, तसं हे होतं. चोर नसतो, पण घंटा खरोखरच वाजत असते. अशा वेळी अंगावरची चादरसुद्धा दुखते.

हे समजावून सांगण्याआधीच रुग्णाच्या हातात एमआरआयचा रिपोर्ट आलेला असतो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबलीय’, ‘चकती सरकलीय’ ही वाक्यं मनात घर करून बसतात आणि माणूस वाकायलाही घाबरू लागतो. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. झीज आणि वेदना यांचं नातं इतकं सैल आहे. उलटही घडतं. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरात निकाल लागतो, ‘काहीच निघालं नाही.’ त्या दिवसापासून दुखणाऱ्या माणसावर संशयाची नजर सुरू होते. सुनेचं दुखणं नाटक ठरतं, कामगाराचं कामचुकारपणा आणि म्हाताऱ्या माणसाचं लक्ष वेधून घेण्याची सवय.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा एकत्र अनुभव मानला आहे. २०२० मध्ये ती सुधारताना सोबतच्या टिपणांत आणखी एक गोष्ट स्पष्ट केली गेली: आपल्याला दुखतंय असं माणूस सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. वेदना मोजणारं यंत्र आमच्यापाशी नाही. रुग्णाचा शब्द हाच पुरावा. त्यावर विश्वास ठेवण्यापासून उपचार सुरू होतो.

ही संघटना ज्यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये उभी राहिली, ते जॉन बोनिका माझ्याच शाखेतले, भूलतज्ज्ञ. शिक्षणाच्या खर्चासाठी ते तरुणपणी व्यावसायिक कुस्त्या खेळले आणि त्या कुस्त्यांनी दिलेलं सांध्यांचं दुखणं त्यांनी आयुष्यभर सोसलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आलं की काही वेदना एकट्या डॉक्टरला सुटत नाहीत. मग त्यांनी वेगवेगळ्या शाखांच्या सहकाऱ्यांना एकत्र बसवून एकेका रुग्णाबद्दल चर्चा सुरू केली. आज चांगल्या पेन क्लिनिकमध्ये वेदनातज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र काम करतात. त्या पद्धतीचं मूळ बोनिकांच्या या बैठकांत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. जीव नकोसा का होतो? साधा तर्क म्हणतो, फार दुखतं म्हणून. जुनाट वेदना असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पण दुखण्याच्या तीव्रतेवरून हा धोका नीट ओळखता येत नाही. दुखण्याला दहापैकी आठ गुण देणारी एखादी बाई पुढच्या महिन्यातल्या लग्नाची तयारी सांगत असते आणि चार गुण देणारा माणूस मान खाली घालून बसलेला असतो. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ निकोल टँग यांनी यासाठी ‘मानसिक पराभव’ ही कल्पना अभ्यासली. ‘मला दुखतंय’पासून ‘या दुखण्याने मला संपवलं, आता माझं काही उरलं नाही’ इथपर्यंत माणूस पोहोचतो, तेव्हा आम्ही सावध व्हायला हवं.

तिथपर्यंतची वाट तीन गोष्टींनी तयार होते. पहिली, काम सुटणं. शिलाई मशीनवर बसता येत नाही, रिक्षा चालवता येत नाही, नातवाला कडेवर घेता येत नाही. पैशाचं नुकसान असतंच, शिवाय ‘मी कोण’ या प्रश्नाचं उत्तरही हातातून निसटतं. दुसरी, आपण ओझं झालो आहोत ही भावना. ‘माझ्यामुळे पोराची रजा गेली’, ‘माझ्या औषधांत घर बुडालं’. असं म्हणणाऱ्या माणसाला मी नेहमी थांबवून पुढचं विचारते. तिसरी गोष्ट झोप. दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं. रात्री दोन-तीनच्या सुमारास घर झोपलेलं असतं, कुणाला उठवायचा संकोच वाटतो आणि सगळे निष्कर्ष काळे निघतात. त्या वेळी आयुष्याबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, हा नियम मी रुग्णांना कागदावर लिहून देते.

मग विचारायचं कसं? सरळ. ‘इतकं दुखत असताना कधी जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती सर्वत्र आहे, डॉक्टरांमध्येही आहे. अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. उलट, विचारल्यावर बहुतेकांचे खांदे सैल होतात. ‘देवाने न्यावं’ असं उत्तर येऊ शकतं. तेही ऐकून घ्यायचं, ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करायचं नाही. पण कधी, कसं याचा विचार झाला असेल, तर ती तातडीची स्थिती आहे. माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातली सगळी औषधं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने कुटुंबं गोष्टी दडवतात, त्यांनी हेही जाणून घ्यावं: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेणं हे शासनाचं कर्तव्य ठरतं.

उपचार म्हणजे काय, याबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवं. अनेक जुनाट वेदना पूर्णपणे जात नाहीत. हे मी पहिल्या काही भेटींतच सांगते, कारण खोट्या आशेचा प्रत्येक भंग माणसाला पराभवाच्या आणखी जवळ नेतो. पण पूर्ण बरं होणं आणि काहीच न होणं यांच्यामध्ये मोठी जागा आहे. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन यांसारखी औषधं आम्ही देतो. रुग्ण घरी जाऊन नाव शोधतो आणि ‘मला वेडाची गोळी दिली’ म्हणून बंद करतो. ही औषधं नैराश्यावर वापरतात हे खरं आहे. पण मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणाऱ्या आणि वेदना दाबणाऱ्या मार्गांवरही ती काम करतात. ती मनाने बंद करू नयेत. आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन मूत्रपिंड आणि जठर पणाला लावू नये.

औषधांइतकीच महत्त्वाची आहे कामाची आखणी. दिवाळीच्या निमित्ताने हे समजावणं सोपं जातं. माळ्यावरची भांडी काढायची, सगळं घर एका दिवसात झाडायचं, चकलीचा सोऱ्या दाबत दुपार काढायची आणि भाऊबीजेला आडवं पडायचं, हे अनेक घरांतल्या बायका दरवर्षी करतात. ‘आज बरं वाटतंय, उरकून टाकते’ इथून ते सुरू होतं. मग चार दिवस पडून राहणं येतं, स्नायू दुबळे होतात आणि पुढच्या वेळी त्याहून कमी कामात दुखणं उठतं. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात यावर पद्धतशीर उपाय मांडला. काम किती करायचं हे त्या दिवशीच्या दुखण्यावर सोपवायचं नाही, आधीच ठरवायचं. वाईट दिवशीही वीस मिनिटं झेपत असतील तर चांगल्या दिवशीही वीसच, मग विश्रांती, मग दुसरं काम. आठवड्याने थोडी वाढ. चांगल्या दिवशी थांबणं सगळ्यात कठीण जातं आणि तेच शिकायचं असतं. यातून आजचा दिवस आपण ठरवला, ही जाणीव परत येते. पराभवाच्या भावनेवर याहून प्रभावी उतारा मी पाहिलेला नाही.

मानसोपचारांचा फायदा किती? मोठ्या आढाव्यांत दिसतो तो लहान, पण खरा. वेदना थोडी कमी होते, हालचाल आणि मनःस्थिती थोडी सुधारते. त्यात स्वीकाराचा एक भाग असतो आणि रुग्णांना तोच सर्वात जास्त खटकतो. ‘म्हणजे हरले म्हणून कबूल करू?’ असं अनेक जणी रागाने विचारतात. हा राग रास्त आहे. गेलेल्या शरीराचा शोक करायलाही वेळ द्यायला हवा. स्वीकार म्हणजे आयुष्य ‘दुखणं थांबल्यावर’साठी राखून न ठेवता आत्ताच्या शरीराला धरून मांडणं.

बाबा आमटे यांचं उदाहरण मी या संदर्भात देते, मात्र जपून. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसणं अशक्य झालं होतं. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ मध्ये ‘भारत जोडो’साठी ते कन्याकुमारीहून निघाले, तेव्हा गाडीतच त्यांच्या झोपण्याची सोय होती. बाबांसारखं व्हा, असं मी कुणालाही सांगत नाही. दुखणाऱ्या माणसावर थोरपणाचं आणखी एक ओझं कशाला टाकायचं? मी त्या गाडीतल्या बिछान्याकडे लक्ष वेधते. पाठ बरी होण्याची वाट न पाहता प्रवासाची रचना बदलली गेली. ओट्याशी उंच स्टूल ठेवणं, वर्गात खुर्चीवरून शिकवणं, मशीनवर अर्ध्या तासाने उठणं, ही त्याच जातीची कामं आहेत. ती करताना लाज वाटण्याचं कारण नाही.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी. ‘खरंच दुखतंय का?’ हा प्रश्न कायमचा सोडा. आणि दुखणाऱ्या माणसाच्या हातातली सगळी कामं काढून घेऊ नका. मायेपोटी तुम्ही त्यांना निरुपयोगी ठरवत असता. जे झेपेल ते त्यांच्याकडे राहू द्या. हिशेब असो, नातवाचा अभ्यास असो, फराळाची चव पाहणं असो, त्यात त्यांचा शब्द शेवटचा असू द्या.

आणि हे वाचणाऱ्या, आत्ता दुखत असलेल्या तुम्हाला. सणाच्या दिवसांत पाहुण्यांसमोर हसताना आतून हे सगळं थांबावं असं वाटत असेल, तर ते आज एका माणसाला सांगा. विश्वासातलं कुणी नसेल तर १४४१६ वर सांगा. डॉक्टरांकडे गेलात की कंबरेआधी तेच सांगा. डॉक्टरांनी ऐकलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना सांगा. तुमच्या दुखण्यावर जादूचा इलाज देता येईल असं वचन मी देत नाही. नको वाटण्याचं ओझं मात्र कमी होतं, पुष्कळदा दुखणं आहे तिथेच असताना कमी होतं. हे माझ्या कामात मी पुन्हा पुन्हा पाहते, म्हणूनच इतक्या आग्रहाने तुम्हाला सांगते आहे.