काळ्या जंगलातला चुना

१२ सप्टेंबर, फ्रॉयडेनश्टाट (जर्मनीतलं काळं जंगल, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट)
आजपासून इथल्या स्प्रूसच्या वनात चुना पडतोय. हेक्टरी ३ टन डोलोमाइट, हेलिकॉप्टरमधून. साधी चुनखडी नको, डोलोमाइटच हवा, कारण त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असतं. १९८०च्या दशकात या डोंगरांत स्प्रूसची जुनी पानं पिवळी पडली, ती मॅग्नेशियमच्या टंचाईने. कोळशाच्या धुरातल्या गंधकाचा आम्लपाऊस वाळूच्या खडकावरच्या या मातीला सोसला नाही. गंधक आता आटोक्यात आहे. धुऊन गेलेले क्षार मात्र आपोआप भरून येत नाहीत.

१३ सप्टेंबर
चुना न टाकलेल्या पट्ट्यातले नमुने. पाचोळ्याखालच्या काळ्या थराचा सामू (pH) साडेतीनच्या आसपास. एवढ्या आंबट मातीत ॲल्युमिनियम सुटं होतं आणि कोवळी मुळं खुंटतात. इथे बुरशीचंच राज्य, गांडूळ क्वचितच. पाचोळा नीट कुजत नाही, थरावर थर साचतो.

१८ मे
जुन्या, पूर्वी चुना पडलेल्या पट्ट्यात दिवसभर. वरच्या थराचा सामू साडेचारच्या पुढे गेलाय, म्हणजे आम्लता दहा पटींहून जास्त घटली. जिवाणू वाढलेत, गांडुळं दिसतात. आंबटात रमणाऱ्या बुरशा मुळांवरून हटतात, त्यांची जागा दुसऱ्या घेतात. सगळे खूश आहेत. मला मात्र धास्ती वाटते. जागे झालेले जिवाणू कित्येक वर्षांचा साठलेला ह्यूमस, म्हणजे तो काळा थर, खायला लागतात. कार्बन हवेत जातो, नत्राचं नायट्रेट होतं. झाडांना पुरून उरलेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं आणि जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियमही ओढून नेतं. म्हणजे जे द्यायला आलो, तेच! बव्हेरियातल्या होगलवाल्डमध्ये १९८४ साली हेक्टरी ४ टन डोलोमाइट टाकून पाहिला, तिथेही ह्यूमस घटला आणि नायट्रेट वाढलं.

२० मे
आमच्या दापोलीची जांभ्याची मातीही आंबट. पण ती युगानुयुगांच्या पावसाने घडवलेली, तिथलं रान तिच्याशी जुळवून घेतच वाढलं. इथेही मूळचा आंबटपणा होताच. धुराने घातलेली भर तेवढी आपली. तेवढंच कर्ज फेडावं.

२ जून
पुढच्या फवारणीच्या नकाशावर बैठक. दलदलीच्या, शेवाळाच्या जागा वगळल्या. जिथे नत्र आधीच भरपूर आहे, ते उतारही वगळा, असा आग्रह मी धरला. दोन उतार नकाशातून निघाले. तिसऱ्यासाठी झऱ्याच्या पाण्यातलं नायट्रेट मोजून दाखवायचंय. बाटल्या उद्याच लावते.