मान डोलावणारी

सिग्नल सुटला की हिला ओळखावं. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना ही क्षणभर थबकते आणि आत बसलेल्या सगळ्यांच्या माना एकाच वेळी पुढे जाऊन मागे येतात, भजनाच्या ठेक्यावर डोलाव्यात तशा. शोरूममधला पोरगा या सवयीबद्दल अवाक्षर काढत नाही. तो म्हणतो, "सर, एकदम स्कूटीसारखी चालते. मॅडमपण आरामात चालवतील." यातलं दुसरं वाक्य खरं आहे. (मॅडमच कशाला, सरांचाही डावा गुडघा आता कुरकुरतोच.) पहिलं मात्र साफ खोटं. स्कूटीच्या पोटात पट्टा फिरतो. हिच्या पोटात चक्क पाच गिअर आणि क्लच प्लेट आहे, शेजारच्यांच्या साध्या गाडीत असते तशीच. फक्त क्लच दाबायला माणसाचा पाय लागत नाही आणि गिअर टाकायला हात लागत नाही. ते काम एक ॲक्च्युएटर करतो आणि कधी करायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो.

ही एएमटी. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओमधून हिला मध्यमवर्गीय पार्किंगमध्ये आणली. गिअर बदलणारं यंत्र मॅग्नेती मारेली या इटालियन कंपनीचं होतं. त्याआधी आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे डॉक्टर-बिल्डरांची चैन, आणि वर पेट्रोल पिणारी. हिने दोन्ही समज मोडले. गिअरबॉक्स जुनाच ठेवून वर यंत्र बसवायचं असल्याने किंमत साध्या गाडीपेक्षा पन्नासेक हजारांनीच वाढते आणि ॲव्हरेजही जवळपास तेवढंच पडतं. हिचा सगळा गुण यात आहे, आणि सगळा अवगुणही.

कोथरूडहून हिंजवडीला जाताना हिचा स्वभाव खुलतो. चांदणी चौक, बावधन, पुढे वाकडचा गुंता. ब्रेकवरून पाय उचलला की ही आपणहून पावलापावलाने सरकू लागते, दाबला की थांबते. ना चिडचिड, ना गचका देऊन बंद पडणं. संध्याकाळी घरी आल्यावर जिना चढताना डावा पाय तक्रार करत नाही, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. नव्या मालकाने सुरुवातीला तो पाय मागे ओढून ठेवावा हे बरं. नाहीतर क्लच समजून तो ब्रेकवरच पडतो आणि मागचा रिक्षावाला आपल्या घराण्याचा उद्धार करतो.

बाबांना मात्र ही पटलेली नाही. त्यांनी उमेदीची वर्षं फियाट चालवली, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गिअर तू टाकत नाहीस, तर मग गाडी चालवतंय कोण?" प्रश्न बिनतोड आहे. कारण ही पुढचं पाहत नाही. समोर चढ आहे, डावीकडून टेम्पो घुसतोय, हे तिला कळत नाही. वेग किती, पाय किती दाबलाय, यावरून ती अंदाज बांधते. घाटात ट्रकला मागे टाकायचं म्हणून पाय दाबावा, तर ही आधी विचार करते, मग खालचा गिअर टाकते, आणि तेवढ्यात समोरून एसटी येते. अशा वेळी दांडा 'एम'कडे ढकलून गिअर आपण आधीच खाली आणावा. उतारावरही तेच. दुसऱ्या गिअरवर धरून ठेवली की इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. 'एम' कशासाठी असतो हे डिलिव्हरी घेताना पेढ्यांच्या गडबडीत कुणी सांगत नाही.

मान डोलावण्यावरही उपाय आहे. ती गिअर बदलणार असं वाटलं की पाय किंचित सैल सोडायचा. मागे बसलेल्या आजीच्या हातातला चहा मग सांडत नाही.

चढावर उभं राहणं हे हिचं खरं दुखणं. पुष्कळजण ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून गाडी जागच्या जागी धरून ठेवतात. आत क्लच प्लेट घासत असते आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. हँडब्रेक ओढायचा, सुटताना सोडायचा, हे जुनं शिक्षण इथेही लागतं. हिल होल्ड असला तरी तो दोन-तीन सेकंदांचाच सोबती. बॅटरी उतरली तर सोसायटीतल्या पोरांना बोलावून धक्का मारण्यातही अर्थ नाही; तशी ही सुरू होत नाही.

पैसे सोडायची तयारी असेल तर मऊ स्वभावाच्या गाड्या आहेत. सीव्हीटीत पट्टा असल्याने गचका नाहीच, पण घाईत इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागाहून पळते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पोचते, म्हणून चढावर तो निवांत. पेट्रोलचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. दोन क्लचवाली डीसीटी हायवेवर राणी. पण तिचे क्लच कोरड्या जातीचे असले तर रोजच्या रांगत्या वाहतुकीत ते तापतात.

ऑफिसातले लोक विचारतात, "घेऊ का?" मी उलट विचारतो, तुमच्या पार्किंगचा रॅम्प किती उभा आहे? शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला रुंद, मोकळ्या रस्त्यावर नेतात. तिथे कुठलीही गाडी गुणीच वाटते. गाडी घरी मागवा, मागे आई-बाबांना आणि पोरांना बसवा, रॅम्पच्या मध्यावर थांबवा, मग पुढे काढा. त्यानंतर तीच रिव्हर्समध्ये वर चढवा. आईला उतरताना दाराला धरून उठावं लागलं का, तेही बघा. पाच मिनिटांचं काम आहे. सेल्समन घड्याळ बघेल, बघू दे.