वारा पाठीमागून

मुंबई ते न्यूयॉर्क साधारण 12,500 किलोमीटर. नॉनस्टॉप फ्लाइटनं जाताना 16 तासांच्या आसपास, येताना त्याहून कमी. कारण वरचा जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आणि येताना विमानाला पाठीमागून ढकलतो. मस्तगडच्या घरी हे आईला समजावायचं, तर पृथ्वीचा गोळा कुठला आणणार? शेवटी मोसंबी घेतली. (जालन्यात तिला काय तोटा!) दोरा ताणून धरल्यावर दिसलं, जवळचा रस्ता चक्क उत्तरेकडे वाकून जातो.

आईचा हिशेब मात्र वेगळा. ‘आपल्या घरून चिकलठाणा विमानतळ तासाभरावर, तिथून मुंबईही तासाभराचीच. मग मला काही झालं, तर तुझा दादा दुसऱ्या दिवशी पोचेल ना रे?’

मी गप्प. तिकीट, मुंबईतलं ताटकळणं, ऑफिसची रजा हे किलोमीटरमध्ये कुठे धरतात? बाबांच्या वेळी दादा आला तो तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करायला.

‘मग धडधाकट आहे तोवरच बोलव त्याला,’ आई म्हणाली.

दादानं दिवाळीचं तिकीट काढलंय. कळवलं, तर आईचा पहिला प्रश्न : ‘येताना वारा पाठीमागूनच आहे ना?’