दम्याचं पंचांग

दम्याचा रुग्ण समोर बसला की नाडीला हात लावण्याआधी मी विचारते, "झोपता कुठं?" बहुतेक जण बिचकतात. त्यांना औषधाविषयी बोलायचं असतं; मला मात्र त्यांची गादी, खोलीत रचलेली धान्याची पोती, भिंतीवरची ओल आणि उशाशी जळणारी डासांची कॉइल यांची खबर हवी असते. वैद्यकी मी सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. दम्याच्या माणसाचं आधी घर तपासावं आणि मग माणूस, असं ते सांगायचे.

आमचं गाव कृष्णाकाठचं. इथं दमा महिन्यांबरोबर फिरतो. आषाढ-श्रावणात भिंती ओल धरतात, कपाटामागं बुरशी चढते. घट बसण्याआधी घरं झाडली जातात, वाकळा धुण्याला निघतात आणि वर्षभर माळ्यावर साचलेली धूळ बायकांच्या छातीत उतरते. दिवाळीत फटाके, पाठोपाठ थंडी. मग गळीत हंगाम लागतो, फडाफडांत पाचट पेटतं, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर रात्री खाली बसतो. फाल्गुनात गव्हाची मळणी आणि तिचा भुसा. शिवाय बांधावर गाजरगवत आहेच. १९५०च्या दशकात ते पुणे परिसरात दिसलं आणि तिथून देशभर पसरलं; त्याच्या परागांनी कुणाची कातडी खाजते, कुणाची छाती वाजते. म्हणून केसपेपरवर तारखेशेजारी मी शेतातलं नाहीतर घरातलं काम लिहून ठेवते: 'पाचट', 'मळणी', 'धुणं'. दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की त्या माणसाचं पंचांग तयार होतं.

हे काही माझं नवं तंत्र नव्हे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला तमकश्वास म्हणजे आजचा दमा, असं आम्ही वैद्य मानतो. ढगाळ हवा, गारठा, पूर्वेचा वारा, धूळ आणि धूर यांनी तो वाढतो. आडवं पडलं की जीव घुसमटतो, उठून बसलं की बरं वाटतं. कफ सुटला की घटकाभर हायसं वाटतं, असं तिथं नोंदलं आहे. दम्याच्या रुग्णाशेजारी रात्र जागवल्याशिवाय हे कुणी लिहू शकत नाही. त्याच ग्रंथात हा रोग याप्य, म्हणजे सांभाळत राहण्याचा सांगितला आहे. नवा असेल तर तो बराही होऊ शकतो. आणि सुश्रुताचं म्हणणं असं, की थोडक्यात सांगायचं तर कारण टाळणं हीच चिकित्सा.

कारण टाळायचं म्हणजे नेमकं काय, हे मात्र घरागणिक बदलतं. पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ यायचे. वीज नसेल त्या दिवशी त्यांना धाप लागत नसे. पिठाची धूळ हे दम्याचं जुनं, माहीत असलेलं कारण. गिरणी बंद करा म्हणणं सोपं, पण घर तिच्यावर चालायचं. शेवटी दळण भाऊ बघू लागला, हे हिशेबाला बाहेरच्या ओट्यावर बसू लागले, आणि झाडू जाऊन ओलं फडकं आलं. दुसऱ्या घरात वाकळेतले धुळीचे किडे छळत होते. नुसतं ऊन दाखवून ते हटत नाहीत. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात भिजवावे लागतात, ५५ अंशांच्या वर. डासांच्या कॉइलचं तर विचारू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी बांधा, हे माझं सगळ्यांत स्वस्त औषध. रात्री उशिरा जेवण आणि लगेच झोप, हेही मी मोडून काढते. तमकश्वासाचं मूळ चरकानं पोटाकडं दाखवलं आहे, आणि आम्लपित्त वर चढून रात्रीचा दमा चाळवतो हे आजचे डॉक्टरही मानतात. अंगदुखीची गोळी घेतल्यावर धाप लागली का, हेही विचारते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन काहींना चालत नाही.

आता वनस्पती. परसात अडुळसा आहे. त्याची पानं नुसती कुटली तर रस जेमतेम सुटतो. म्हणून पानांचा गोळा बांधून, वर मातीचा लेप देऊन तो निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. हा पुटपाक करताना हाताला चढलेला कडूपणा दोनदा धुतला तरी जात नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं आधुनिक औषध घडवलं गेलं. म्हणजे त्याचं बळ कफ सोडवण्यात. आवळलेली श्वासनलिका तो चटकन मोकळी करील, ही अपेक्षा धरू नये. गरोदर बाईला तो मी देत नाही. सितोपलादि चूर्णाचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. खोकल्याला ते गोड वाटतं, कारण निम्म्याहून जास्त साखरच असते. मधुमेह्याला ते आंधळेपणानं चाटवू नये. ज्येष्ठमध घशाला सुखावतो, पण रोज खात राहिलं तर रक्तदाब चढतो. सैंधव घातलेलं कोमट तिळाचं तेल छातीला लावून शेक दिला की बरगड्यांचा ताण उतरतो. हे सगळं दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांसाठी. धोतऱ्याचा धूर मात्र कुणी सुचवला तरी घेऊ नका. एकेकाळी युरोपातही दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जात. पण तो विषारी आहे.

"पंपाची सवय लागते," हे वाक्य रोज कानी येतं. चष्म्याची लागते तशीच, एवढंच मी म्हणते. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. रोज घ्यायचा पंप ती सूज उतरवतो, आणि औषध थेट जागेवर जात असल्यानं मात्रा अगदी थोडी लागते. नुसता तात्पुरता मोकळं करणारा पंप ओढत राहणं धोक्याचं, असं जागतिक मार्गदर्शक सूचनाही २०१९ पासून सांगतात. माझा काढा सुरू झाला म्हणून कुणी पंप बंद केला, तर मी काढा बंद करते.

खरी धास्ती वाटते ती बिननावाच्या पुडीची. पहिल्याच दिवशी छाती मोकळी होते आणि गावभर जयजयकार. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पुढं चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि ती एकाएकी बंद करणंही जिवावर बेतू शकतं. कोजागरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला जाणाऱ्यांना मी अडवत नाही. स्वेटर घाला, पंप खिशात ठेवा आणि खिरीत काय घातलं ते विचारा, इतकंच सांगते.

तुमच्या घरी दमा असेल तर आजपासून एक वही घाला. कोणत्या दिवशी धाप लागली, त्या दिवशी काय जळलं, काय झाडलं, काय खाल्लं, एवढंच लिहा आणि ती वही वैद्याला किंवा डॉक्टरला दाखवा. आणि ज्या क्षणी माणसाला एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा पंपानंही उतार पडेना, त्या क्षणी काढा उकळत बसू नका, माझ्याकडंही येऊ नका. तडक दवाखाना गाठा.